धूर, अग्नी आणि चार उपग्रह

कला शाखेच्या वार्षिकात चुंबक, उपग्रह आणि सूर्यावरची वादळे यांचे काय काम, असे काही मित्र विचारतील. विज्ञान मंडळाचे भित्तिपत्रक त्यासाठी आहेच, असेही म्हणतील. त्यांना माझे उत्तर असे की, या विषयाकडे मी विज्ञानाच्या दाराने आलेलो नाही. तत्त्वज्ञान हा माझा पदवीचा विषय. न्यायदर्शनातील प्रमाणचर्चा आम्हांला अभ्यासाला आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे आम्ही पाठ करतो. पर्वतावर धूर दिसतो, ज्या अर्थी धूर आहे त्या अर्थी तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमानाचे उदाहरण तर शेकडो वर्षे चालत आलेले आहे. पण धूर पाहिल्यावर पुढे कोणी डोंगर चढून अग्नी पाहून आला काय, त्याला किती काळ लागला, वाटेत ‘अग्नी नाहीच’ असे सांगून कोणी त्याला अडवले काय, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

असा एक डोंगर शास्त्रज्ञ जवळजवळ सत्तर वर्षे चढत होते. ज्या अग्नीचा ते शोध घेत होते त्याचे नाव चुंबकीय पुनर्जोडणी. त्या चढणीची हकिगत मी येथे सांगणार आहे. गणित वगळले आहे. त्यात वाचकांची सोय आहे तशी माझीही आहे.

प्रथम हा डोंगर ज्या प्रदेशात आहे त्याची ओळख करून घेऊ. घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपण शाळेत शिकलो. वायू अतिशय तापला की त्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. ऋण भाराचे इलेक्ट्रॉन आणि धन भाराचे आयन यांचा असा जो मोकळा मेळा, त्याला प्लाझ्मा म्हणतात. हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ इरव्हिंग लँगम्युर यांनी १९२८ साली दिले. आपल्या परिभाषाकारांनी त्यासाठी ‘आयनद्रायू’ असा शब्द घडवला आहे. द्रायू म्हणजे जे वाहते ते, मग ते द्रव असो की वायू. शब्द अर्थवाही आहे, परंतु बोलण्यात रुळला नाही, म्हणून मी प्लाझ्मा हाच शब्द वापरतो. आकाशातली वीज हा प्लाझ्मा, पेटलेल्या ट्यूबलाइटच्या पोटातला वायू हाही प्लाझ्मा, आणि सूर्य तर सबंध प्लाझ्माचाच गोळा.

हा सूर्य आपला प्लाझ्मा सर्व दिशांना अखंड उधळीत असतो. असे घडत असले पाहिजे, हे यूजीन पार्कर यांनी १९५८ साली गणिताने सांगितले, आणि १९६२ साली शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ या यानाने वाटेत त्याची खात्री करून दिली. या प्रवाहाला सौरवात म्हणतात. पृथ्वीजवळ त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ४०० किलोमीटर असतो. म्हणजे मुंबईहून नागपूरला पोचायला त्याला दोनएक सेकंद पुरतील. पण तो विरळ इतका की, एका घन सेंटिमीटरमध्ये पाचदहा कण सापडले तर सापडावेत. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र या वाऱ्याला अडवून धरते. नदीच्या धारेत खडक असावा आणि पाणी त्याला वळसा घालून जावे तसा सौरवात पृथ्वीला वळसा घालतो, आणि आत जी सुरक्षित पोकळी उरते तिला आपण चुंबकावरण म्हणू. सूर्याच्या बाजूला या आवरणाची सीमा पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ६५,००० किलोमीटरवर असते. उलट बाजूला, म्हणजे रात्रीच्या अंगाला, त्याचे शेपूट चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे लांबलेले असते.

आता चुंबकीय बलरेषांविषयी थोडे. कागदावर लोखंडाचा कीस पसरून खाली चुंबक धरला की किसाच्या ज्या कमानी उमटतात, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. स्वीडनचे हानेस आल्फ्वेन यांनी १९४२–४३ च्या सुमारास असे दाखवून दिले की, विजेचे उत्तम वहन करणाऱ्या प्लाझ्मात या बलरेषा जणू गोठून बसलेल्या असतात. कुल्फीतल्या काडीसारखे हे आहे. कुल्फी हलली की काडी हलते, काडी हलवली की कुल्फी हलते. दोघींची फारकत होत नाही. या कामगिरीचा मोठा वाटा असलेल्या संशोधनासाठी आल्फ्वेन यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या नियमाचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. सूर्याकडून आलेला प्लाझ्मा आपल्या बलरेषांना चिकटून, पृथ्वीभोवतीचा प्लाझ्मा आपल्या बलरेषांना चिकटून. दोघे शेजारी येतील, एकमेकांना रेटतील, पण मिसळणार नाहीत. सीमेवर खडा पहारा. नियम तंतोतंत खरा असेल तर सूर्याची ऊर्जा आपल्या आवरणात अशी सहज शिरू नये.

आणि येथेच धूर दिसतो. ती ऊर्जा आत शिरते. ध्रुवांजवळच्या आकाशात हिरवे-तांबडे प्रकाशाचे पडदे झुलतात, होकायंत्राच्या सुया डळमळतात. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरच्या डागांचे चित्र काढीत असताना त्या डागांवर अकस्मात एक लखलखीत ज्योत उजळली आणि काही मिनिटांत विझली. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी, सूर्यावरून निघालेला प्लाझ्माचा लोट पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांच्या तारांतून आपोआप वीज खेळू लागली आणि संदेशांची दाणादाण उडाली.

हा धूर आपल्या अंगणातही दिसला होता, हे मला वाचनात आढळले तेव्हा विशेष आनंद झाला. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. २ सप्टेंबर १८५९ रोजी वादळ आले तेव्हा मुंबईत दिवस होता. आकाशात पाहण्यासारखे काहीही नव्हते. परंतु तेथील निरीक्षकांनी नेहमीच्या संथ क्रमाऐवजी थोड्याथोड्या मिनिटांनी नोंदी टिपल्या, आणि त्या नोंदींत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेलेला दिसतो. म्हणजे तेथल्या एकूण मानाच्या साधारण पंचविसावा हिस्सा. त्या वादळाची तीव्रता ठरवताना जगातले संशोधक आजही कुलाब्याच्या या आकड्यांचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडतील म्हणून १९०४ साली ही वेधशाळा अलिबागेस हलवण्यात आली, आणि तेथे हे काम आजतागायत चालू आहे.

धूर असा जगभर दिसत होता. अग्नीविषयी पहिले अनुमान १९४६ साली ऑस्ट्रेलियाचे रॉन जोव्हानेली यांनी मांडले. सूर्यावरच्या ज्योतींचा संबंध त्यांनी अशा जागांशी जोडला, जेथे विरुद्ध दिशांची चुंबकीय क्षेत्रे समोरासमोर येऊन परस्परांना शून्य करतात. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांनी हा धागा उचलला आणि आपले विद्यार्थी जेम्स डंजी यांच्या हाती दिला. डंजी यांनी जे चित्र उभे केले ते मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो.

दोन बलरेषा आहेत. एक उत्तरेकडे जाणारी, दुसरी दक्षिणेकडे जाणारी, आणि भोवतालचा प्लाझ्मा त्यांना एकमेकींकडे रेटतो आहे. दोहोंच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी अशी तयार होते की, तेथे क्षेत्र जवळजवळ शून्य असते. या पट्टीत आल्फ्वेन यांचा नियम लंगडा पडतो. कुल्फी वितळते आणि काडी सुटते. पुढचा प्रकार समजण्यासाठी रेल्वेचे यार्ड डोळ्यांपुढे आणा. शेजारी शेजारी दोन रूळ आहेत. सांधेवाला सांधा बदलतो, आणि पहिल्या रुळाने आलेली गाडी दुसऱ्या रुळाने निघून जाते. रूळ तेच, जोडणी बदलली. येथेही सूर्याकडच्या रेषेचा एक भाग पृथ्वीच्या रेषेच्या एका भागाशी जोडला जातो. दोन जुन्या रेषांच्या जागी दोन नव्या रेषा. मात्र या नव्या रेषा मध्येच तीव्रपणे वाकलेल्या असतात, आणि ताणलेल्या गलोलीचा रबर सुटावा तशा त्या सरळ होण्यासाठी झेप घेतात. त्यांच्याबरोबर प्लाझ्माही दोन्ही अंगांना भिरकावला जातो. क्षेत्रात साठलेली ऊर्जा अशा रीतीने कणांच्या वेगात आणि उष्णतेत उतरते. हीच चुंबकीय पुनर्जोडणी.

१९६१ साली डंजी यांनी हे चित्र पृथ्वीला लागू करणारा निबंध प्रसिद्ध केला. तो जेमतेम दोन पानांचा आहे. त्याचा आशय असा: पृथ्वीच्या सूर्याकडच्या सीमेवर आपल्या बलरेषा उत्तराभिमुख असतात. सौरवाताने आणलेले क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल तर तेथे पुनर्जोडणी होईल आणि दार उघडेल. जोडल्या गेलेल्या रेषा सौरवाताबरोबर ध्रुवांवरून मागे ओढल्या जातील, शेपटीत साचतील, आणि तेथे पुन्हा एकदा जोडणी बदलून अर्ध्या रेषा पृथ्वीकडे परत येतील. त्या वेळी शेपटीतला प्लाझ्मा पृथ्वीकडे लोटला जाईल आणि ध्रुवीय प्रकाश उजळेल.

चित्र देखणे होते. परंतु देखणे अनुमान खरे असतेच असे नाही, आणि या अनुमानापुढे दोन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली अडचण वेगाची. पीटर स्वीट आणि पार्कर यांनी १९५६–५७ च्या सुमारास या क्रियेचा हिशेब मांडला. तो असा होता की, एखाद्या नाट्यगृहात प्रेक्षक दोन्ही बाजूंच्या लांबलचक भिंतींतून आत लोटत आहेत आणि बाहेर पडायला मात्र दोन टोकांना दोन अरुंद दारे आहेत. साहजिकच सगळे काम तुंबते. या हिशेबाने सूर्यावरची एखादी ज्योत पेटून संपायला महिने लागले असते; प्रत्यक्षात ती काही मिनिटांत पेटते. हॅरी पेट्शेक यांनी १९६४ साली वेगळी मांडणी करून दारे रुंद केली, पण ती दारे निसर्गात खरोखर तशी उघडतात काय, हा वाद पुढे दशकानुदशके चालला.

दुसरी अडचण माणसाची होती, आणि ती मला अधिक विचार करायला लावते. खुद्द आल्फ्वेन यांना पुनर्जोडणी मान्य नव्हती. बलरेषा ही आपण कागदावर काढलेली रेघ आहे, ती तुटते आणि जुळते असे म्हणणे म्हणजे रेघेलाच वस्तू समजणे होय, असा त्यांचा रोख होता. त्यांनी आपला विरोध अखेरपर्यंत सोडला नाही. ज्याने नियम दिला तोच सांगतो आहे की, नियम मोडण्याची तुमची ही रीत चुकीची आहे. शब्दप्रमाण मानणाऱ्याने येथे काय करावे? शास्त्रज्ञांनी केले ते एवढेच की, वादाचा निकाल लावण्यासाठी त्या जागी जाऊन पाहण्याचे ठरवले.

जाण्याचे साधन उपग्रह. १९६६ साली फेअरफील्ड आणि केहिल यांनी एक्स्प्लोरर-१२ या उपग्रहाच्या नोंदी जमिनीवरच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. बाहेरचे क्षेत्र दक्षिणाभिमुख असते तेव्हा ध्रुवांकडे खळबळ माजते, हे त्यांना दिसले. अनुमान बळावले. पण हाही धूरच. मग १९७७ साली अमेरिका आणि युरोप यांनी मिळून ‘आयसी’ मालिकेतले दोन उपग्रह जोडीने सोडले. १९७९ साली गोट्झ पाशमान आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या नोंदींतून दाखवले की, सीमेच्या आत वा बाहेर कोठेही नसलेला वेग सीमेवरच्या प्लाझ्माला प्राप्त झालेला आहे. हा वेग गलोलीच्या हिशेबाशी जुळत होता. धूर आता हाताला लागण्याइतका जवळ आला.

तरीही एक मूलभूत प्रश्न उरत होता. तो समजावा म्हणून मी आपल्याला आषाढी वारीच्या वाटेवरच्या एखाद्या घरात नेतो. रात्रीची वेळ आहे. आपण खिडकीशी बसलो आहोत. टाळमृदंगाचा आवाज वाढत जातो आणि मग कमी होतो. दिंडी आपल्यासमोरून पुढे गेली, की एकाच जागी थांबून तिने भजन रंगवले आणि आवरते घेतले? एका खिडकीतून हे सांगता येत नाही. एकट्या उपग्रहाची स्थिती नेमकी हीच असते. त्याचे मापक सांगते की क्षेत्र बदलले. पण ते काळाबरोबर बदलले, की जिथे ते वेगळे आहे अशी जागा उपग्रहावरून सरकत गेली? दोन खिडक्या असतील तर त्यांच्या ओळीतली हालचाल कळेल. तीन असतील तर एका प्रतलातली. संपूर्ण अवकाशातली हालचाल समजायची तर चौथा साक्षीदार हवा, आणि तोही त्या प्रतलाच्या बाहेर बसलेला. तीन लिंबे जवळ ठेवून त्यांवर चौथे ठेवले की जो आकार होतो, त्या आकारात उपग्रह उडवले पाहिजेत. शिवाय चार जागी मोजलेल्या क्षेत्रांतील फरकावरून मधून वाहणारा विद्युत्‌प्रवाहही काढता येतो.

युरोपच्या अवकाश संस्थेने असे चार उपग्रह तयार केले. योजनेचे नाव क्लस्टर. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातल्या कुरू येथून एरियान-५ हे नवे रॉकेट त्यांना घेऊन उडाले आणि सुमारे चाळीस सेकंदांत त्याच्या ठिकऱ्या झाल्या. जुन्या रॉकेटसाठी लिहिलेला संगणकाचा कार्यक्रम नव्या रॉकेटात तसाच वापरला होता, आणि एक आकडा त्याच्या मापात मावला नाही. कित्येकांची वर्षानुवर्षांची मेहनत दलदलीत पडली. परंतु ती माणसे खचली नाहीत. उरलेल्या सुट्या भागांपासून एक उपग्रह उभा केला, आणखी तीन नव्याने बांधले, आणि २००० सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये रशियाच्या सोयुझ रॉकेटांनी ते चारही वर नेले. रुंबा, साल्सा, सांबा आणि टँगो अशी नृत्यांची नावे त्यांना मिळाली. २०२४ पर्यंत त्यांनी काम केले.

मधल्या काळात ‘थेमिस’ नावाच्या पाच अमेरिकन उपग्रहांनी आणखी एक जुना तंटा मिटवायला मदत केली. शेपटीत खळबळ होते तेव्हा आधी काय घडते? दूरची पुनर्जोडणी, की पृथ्वीजवळचा बिघाड? उपग्रह २००७ साली गेले. २६ फेब्रुवारी २००८ रोजी ते शेपटीत अंतराअंतरावर रांगेत असताना नोंद मिळाली: चंद्राच्या अंतराच्या सुमारे एक तृतीयांशावर पुनर्जोडणी आधी झाली आणि दीड मिनिटाच्या आसपास गेल्यावर ध्रुवीय प्रकाश भडकला. कार्यकारणभावात पौर्वापर्य किती मोलाचे असते हे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

आता अग्नीच्या अगदी जवळ जाऊ. पुनर्जोडणीचे खरे गुपित इलेक्ट्रॉनांपाशी आहे. आयन जड, ते बाहेरच्या मोठ्या पट्ट्यातच बलरेषांपासून सुटतात. हलके इलेक्ट्रॉन मात्र रेषांना शेवटपर्यंत धरून असतात आणि अगदी आतल्या, काही किलोमीटर जाडीच्या पापुद्र्यातच सुटतात. तो पापुद्रा स्थिर नसतो. सीमा सेकंदाला चाळीस किलोमीटर वेगाने सरकते आहे असे धरू. क्लस्टरचे उपग्रह कणांचे संपूर्ण चित्र स्वतःच्या एका गिरकीत, म्हणजे चार सेकंदांत घेत. तेवढ्यात एकशेसाठ किलोमीटर निघून जाणार! धावत्या आगगाडीतून रुळाकाठचे गवताचे पाते पाहण्यासारखे हे झाले.

म्हणून नासाने १२ मार्च २०१५ रोजी फ्लॉरिडातून चार नवे उपग्रह सोडले. मॅग्नेटोस्फेरिक मल्टिस्केल, थोडक्यात एमएमएस, हे त्यांचे नाव. प्रत्येकाच्या चहूअंगांना कणमापके बसवली, म्हणजे गिरकीची वाट पाहायला नको. इलेक्ट्रॉनांचे पूर्ण चित्र दर तीस सहस्रांश सेकंदाला; वरच्याच हिशेबाने, दर सव्वा किलोमीटरला एक. चौघे एकमेकांपासून दहा किलोमीटरच्या आत-बाहेर उडू लागले. इतक्या तपशिलाच्या साऱ्या नोंदी पृथ्वीवर पाठवणे अशक्य असते, म्हणून पाळीवरचा एखादा शास्त्रज्ञ ढोबळ नोंदी वाचून कोणते क्षण मागवायचे ते निवडतो. एवढ्या यंत्रपसाऱ्यातही पारखणाऱ्या माणसाची जागा शिल्लक आहे, हे वाचून मला बरे वाटले.

१६ ऑक्टोबर २०१५ रोजी सूर्याकडच्या सीमेवर हे चारही उपग्रह त्या पापुद्र्यातून पार झाले. जेम्स बर्च आणि सहकाऱ्यांनी मे २०१६ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉनांचे वेग आणि दिशा आलेखावर मांडल्या की सामान्यतः वाटोळा ठिपका दिसतो. येथे त्या जागी चंद्रकोर उमटली. क्षेत्र शून्य होते त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे हेलकावे खात इलेक्ट्रॉन वेग घेत होते, त्याची ती खूण. आणखी थोड्या अंतरावर हीच कोर वळून बलरेषेच्या दिशेला लागलेली दिसली; म्हणजे इलेक्ट्रॉन नव्याने जुळलेल्या रेषेवरून बाहेर निघाले होते. दहा किलोमीटरच्या अंतरात चौघांना सारखेच दिसले नाही, आणि त्या फरकातच पापुद्र्याची रचना वाचता आली. ११ जुलै २०१७ रोजी त्यांना रात्रीच्या अंगाला शेपटीतही असाच योग लाभला. तेथे इलेक्ट्रॉनांचे झोत सेकंदाला सुमारे १५,००० किलोमीटर वेगाने निघत होते, आणि जोडणीचा वेग जलद होता. स्वीट-पार्कर हिशेबातला मंद नव्हे.

डंजी यांचे निधन मे २०१५ मध्ये झाले. उपग्रह वर गेलेले होते, पापुद्रा अजून भेटलेला नव्हता.

या सर्वांचा आपल्या संसाराशी संबंध काय, असे कोणी विचारील. १३ मार्च १९८९ रोजी अशाच एका वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज घालवली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच सोडलेले सुमारे चाळीस स्टारलिंक उपग्रह एका साध्याशा वादळाने वरची हवा फुगल्यामुळे गमावले गेले. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले येथून आकाशात तांबडी आभा दिसली, ती त्या वेळच्या प्रचंड वादळाची. अशा वेळी सर्वांत आधी विचारायचा प्रश्न डंजी यांचाच असतो: येणाऱ्या प्लाझ्मातले क्षेत्र उत्तराभिमुख आहे की दक्षिणाभिमुख? भारताचा आदित्य-एल१ हा उपग्रह २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचला. पुण्याच्या आयुका संस्थेत घडवलेली सूर्याची दुर्बीण त्यावर आहे, तसेच नेमके हे क्षेत्र मोजणारे मापकही आहे. त्या ठिकाणाहून पृथ्वीवर यायला सौरवाताला साधारण तासभर लागतो. सावध व्हायला मिळतो तो एवढाच तास.

शेवटी मी माझ्या विषयाकडे वळतो. प्रत्यक्ष म्हणजे इंद्रिय आणि वस्तू यांचा संयोग, असे नैयायिक म्हणतात. उपग्रह हे इंद्रिय मानले तर १६ ऑक्टोबर २०१५ ला तो संयोग घडला, असे मी म्हणेन; धूर पाहणारा अखेर चुलीपाशी पोचला. पण त्या आलेखातली कोर म्हणजेच अग्नी, हे ओळखले कशावरून? तर संगणकावरच्या आकडेमोडीत तशी कोर पडेल, हे आधीच दिसले होते म्हणून. अनुमानाने आधी शिकवले नसते तर प्रत्यक्ष समोर येऊनही ओळखू आले नसते. आपण प्रत्यक्षाला पहिले आणि अनुमानाला दुसरे प्रमाण म्हणतो खरे, परंतु या चढणीत दोघे एकमेकांना हात देत वर गेलेले दिसतात.

आणि आल्फ्वेन? त्यांचा आक्षेप वाया गेला असे मला वाटत नाही. बलरेषा हा दोरा नव्हे, ही त्यांची सूचना आजही खरी आहे. तेथे काहीही तटकन तुटत नाही. कोणती जागा कोणत्या जागेशी जोडलेली आहे, हे नाते तेवढे बदलते. त्यांनी हट्ट धरला म्हणून नियम नेमका किती किलोमीटरांत आणि कोणत्या कणांपाशी लंगडा पडतो, हे दाखवण्याची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर आली. पूर्वपक्ष असा खंबीर असला म्हणजे सिद्धान्तालाही बसल्या जागेवरून उठून डोंगर चढावा लागतो.